मारिनो मारिनीचे सही केलेले लिथो: घ्यायचे तर काय बघून घ्यायचे?

अनुजा_तोरिनो

नमस्कार मंडळी. या विभागात मी एरवी वाचनमात्र असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय. मला मारिनो मारिनीचा एक मूळ लिथो (लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढलेल्या चित्राचा कागदावरचा छाप) घ्यायचाय, शक्यतो सहीचा.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मारिनी (१९०१–१९८०) हा तस्कनीतल्या पिस्तोयाचा शिल्पकार. घोडा आणि त्यावरचा स्वार हा एकच विषय त्याने आयुष्यभर सोडला नाही. सुरुवातीचे स्वार शांत, जमिनीत रोवल्यासारखे. युद्धानंतर घोडा मान ताणतो, स्वार मागे रेलतो, आणि ‘मिराकोलो’ मालिकेत तर स्वार घोड्यावरून निसटायलाच लागतो. व्हेनिसला पेगी गुगेनहाइमच्या घरासमोर ग्रँड कनालकडे तोंड करून हात पसरलेला जो घोडेस्वार आहे, तो याचाच. ज्यांनी पाहिलाय त्यांना तो का लक्षात राहतो हे सांगायला नको. फिरेंझेला सान पांक्रात्सिओच्या जुन्या चर्चमध्ये १९८८ पासून त्याचं संग्रहालय आहे. तिथे गेल्यापासून हे खूळ डोक्यात बसलंय.

ब्राँझचा विचारसुद्धा करायला नको, म्हणून कागद. सध्या तीन पर्याय समोर आहेत. मिलानच्या एका लिलावात रंगीत घोडेस्वार आहे, उजवीकडे पेन्सिलीने नुसतं ‘मारिनो’, डावीकडे ३८/५०, अंदाज १२०० ते १५०० युरो. इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘व्हँतिएम सिएक्ल’ या फ्रेंच नियतकालिकातलं एक पान आहे, सही नाही, ७० युरो. आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडे जवळपास तसलंच दुसरं चित्र, पण खाली पेन्सिलीची सही, ४५० युरो, ‘प्रमाणपत्रासह’.

नवरा म्हणतो, ७० वालं घे आणि उरलेल्या पैशांत भारतात जाऊन ये. मला कळत नाहीये की ‘ओरिजिनल’ नक्की कशाला म्हणायचं. आणि सहीत आडनावच नाही, हे गडबडीचं लक्षण आहे का?

शाईवाला

अनुजाताई, आडनावाची काळजी सोडा. तो पेन्सिलीने बहुतेक वेळा नुसतं ‘मारिनो’च लिहायचा.

‘ओरिजिनल’चं उत्तर दगडापासून सुरू करावं लागेल. मुंबईच्या जेजे कलाशाळेत असताना ते दगड घासून घासून आमचे दंड भरलेत, तेव्हा जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

दगड म्हणजे बव्हेरियातल्या सोल्नहोफनचा बारीक कणांचा चुनखडक. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डरने म्युनिकला ही पद्धत काढली तेव्हापासून उत्तम दगड तिथलाच. दोन दगड तोंडाला तोंड लावायचे, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि आठाच्या आकड्यात फिरवत बसायचं. जुनं चित्र जाऊन पृष्ठभागाला दाणा येतो. त्यावर तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून लेप द्यायचा. त्याने रेघ पक्की बसते आणि मोकळी जागा पाणी धरून ठेवते. स्पंजने दगड ओला केला की मोकळी जागा शाई घेत नाही, तेलकट रेघ तेवढी घेते. कागद ठेवा, प्रेसखालून काढा. पुन्हा ओला, पुन्हा रूळ, पुन्हा कागद. रंगीत असेल तर दर रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा, आणि दर वेळी कागद बरोब्बर त्याच जागी बसला पाहिजे.

आता ओरिजिनल म्हणजे काय, तर दगडावरची रेघ कलावंताने स्वतः काढलेली असणं. छापणारा दुसरा असला तरी चालतो, बहुतेक वेळा असतोच. पॅरिसच्या मूर्लोच्या छापखान्यात पिकासो १९४५ पासून काम करायचा, तोही रूळ कारागिरांच्याच हाती द्यायचा. पण कलावंताचं तयार चित्र समोर ठेवून दुसऱ्या कुशल माणसाने दगडावर उतरवलं, तर तो ‘दाप्रे’, म्हणजे त्याच्या चित्रावरून केलेला लिथो. कलावंताने त्याच्यावरही सही केलेली असू शकते! म्हणजे सही खरी, हात दुसऱ्याचा. वर्णनात हा शब्द बारीक अक्षरात कुठे आहे का ते आधी बघा.

गोरेगावकर

म्हणजे सत्तर युरोचं पान त्याच दगडावरून निघालं असेल तर तेही ओरिजिनल? मग बाकीचे हजार युरो पेन्सिलीचे?

शाईवाला

बरोबर पकडलंत. बाजारात ते हजार युरो बऱ्याच अंशी पेन्सिलीचेच असतात. पेन्सिलीने सही करायची रूढी तशी फार जुनी नाही, १८८० च्या आसपास व्हिसलरसारख्यांनी ती रुळवली. रेम्ब्रांटच्या एचिंगवर (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून काढलेल्या छापावर) पेन्सिलीची सही शोधत बसलात तर हात हलवत परत याल. माझं स्पष्ट मत, आधी छाप बघा, सही मागून.

मेघना_एडिसन

शाईवाले, अर्धंच पटलं.

सही म्हणजे नुसता अंगठा नव्हे. पन्नास प्रती निघाल्या, त्या कलावंताने एकेक करून पाहिल्या, कमअस्सल बाजूला काढल्या, उरलेल्यांवर सही केली, असा तो करार असतो. नियतकालिकाच्या छपाईत प्रती भरपूर, आणि प्रत्येक प्रत कोण बघत बसतो? काही वेळा तेच चित्र मोठ्या, जाड कागदावर मोजक्या सहीच्या प्रतींत आणि अंकासाठी छोट्या, घडी घातलेल्या पानावर, असं दोन्हीकडे निघायचं. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. मोठ्या प्रतीत समास मोकळा असतो, रंग कागदात जिरलेला असतो.

पण त्या नियतकालिकाला कमी लेखू नका हं. ते काढणारा सान लात्झारो मूळचा सिसिलीचा, पॅरिसला जाऊन १९३८ मध्ये त्याने ते सुरू केलं, आणि मारिनीचा तो खंदा पाठीराखा. १९६९ चा ‘फ्रॉम कलर टु फॉर्म’ हा मारिनीचा दहा रंगीत लिथोंचा संच त्याच्याच प्रकाशनाने न्यूयॉर्कच्या लेओन अमिएलबरोबर काढला.

अनुजा, तुला पहिल्यांदा लागेल तो ग्वास्तालांचा कॅटलॉग. जॉर्जो आणि ग्विदो ग्वास्ताला यांनी १९९० मध्ये लिव्होर्नोहून मारिनीच्या सगळ्या एचिंग आणि लिथोंची यादी प्रसिद्ध केली, १९१९ ते १९८०. लिलावाच्या वर्णनात ‘ग्वास्ताला’ आणि पुढे एक क्रमांक असतो, त्याचा संदर्भ हाच. तोरिनोत कलेचं ग्रंथालय शोध आणि तिथे बसून बघ. चित्राचं माप, कागदाचं माप, किती प्रती, कोणी छापलं, हे समोरच्या कागदाशी ताडून बघायचं. कागदाचं माप कॅटलॉगपेक्षा लहान निघालं तर समास कापलाय, आणि समास का कापला हा पहिला प्रश्न.

डावीकडचा आकडा ३८/५० म्हणजे पन्नासातली अडतिसावी. १/५० असलं की लोक उगाच जास्त मोजतात, लिथोत त्याला काही अर्थ नाही. आकड्याच्या जागी ‘पी.ए.’ असेल तर इटालियन प्रोव्हा द’आर्तिस्ता, म्हणजे कलावंताने स्वतःसाठी ठेवलेली प्रत, ‘ई.ए.’ म्हणजे तेच फ्रेंचमध्ये. ‘एच.सी.’ म्हणजे विक्रीसाठी नव्हे अशी प्रत (पण विकली जातेच म्हणा). यातलं काहीही संशयास्पद नाही. फक्त एकाच चित्राच्या ‘पी.ए.’ प्रती बाजारात पन्नास-साठ दिसायला लागल्या की समजून जावं.

टिंबटिंब

भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. फुलं दिसली तर ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची साधी छपाई.

गोरेगावकर

टिंबटिंब, नेहमीप्रमाणे अर्धं बोलून गायब. कसली फुलं?

टिंबटिंब

ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे चार रंगांचे ठिपके जाळीत बसवलेले असतात. भिंगाखाली त्यांची छोटी छोटी फुलं दिसतात, ओळीने, एकसारखी. खऱ्या लिथोत जाळी नसते. खडूची रेघ दगडाच्या दाण्यावर अडखळत गेलेली दिसते, वेडेवाकडे कण, कुठे दाट कुठे विरळ. केशरी असेल तर केशरी शाईच दिसेल, किंवा पिवळ्याच्या थरावर लाल थर. लाल-पिवळ्या ठिपक्यांची जाळी दिसणार नाही. इंकजेटवर बारीक तुषार उडाल्यासारखं दिसतं.

सहीला वेगळी तपासणी. कागद तिरका धरून खिडकीच्या उजेडात बघा. ग्रॅफाइट चमकतं, आणि टोकाने कागद किंचित दबलेला असतो. छापलेली सही चमकत नाही.

आणि दगडावरची सही वेगळी, ती चित्राबरोबरच छापली जाते. विक्रेते तिलाही ‘साइन्ड’ म्हणून मोकळे होतात.

वाकडे_मास्तर

धागा वाचतोय. इटालियन मंडळींत या बाबतीत नामी उदाहरण चित्रकार द किरिकोचं. स्वतःचीच तरुणपणची चित्रं म्हातारपणी पुन्हा रंगवायची आणि जुनी तारीख टाकायची, आणि कोणी खरं जुनं चित्र घेऊन आला तर ते खोटं म्हणून हात झटकायचे! संग्राहकांच्या तोंडचं पाणी पळवलं गड्याने. दाली तर कोऱ्या कागदांवर सह्या करून द्यायचा. १९७४ मध्ये अंदोराच्या सीमेवर फ्रेंच जकातवाल्यांना अशा सहीच्या कोऱ्या कागदांनी भरलेली गाडीच सापडली, चाळीस हजार कागद. शाईवाल्यांच्या ‘आधी छाप, मग सही’ला माझं अनुमोदन.

अनुजा_तोरिनो

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग आणलं, आणि लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात तेव्हा मिलानला जाऊन आले. तिथल्या बाईंनी न कुरकुरता फ्रेममधून काढून दाखवलं.

टिंबटिंब, जाळी नाही! घोड्याच्या मानेपाशी लाल आहे आणि त्यावरून निळा ओढलाय, जिथे दोन्ही एकावर एक येतात तिथे जवळपास काळा जांभळा झालाय. भिंगातून तो निळा सलग नाहीच, मध्ये मध्ये लालाचे कण डोकावतात. स्वाराच्या छातीवरच्या पांढऱ्या रेघा वरून काढलेल्या नाहीत, तिथे रंग खरवडून काढलाय आणि कागदच दिसतोय. शिल्पकाराचा हात लगेच कळतो, मातीत कोरणीने ओढावी तशी रेघ. सही तिरक्या उजेडात चमकली. कागद उजेडासमोर धरला तर ‘रीव्ह्ज’ असं, कागद बनवणाऱ्याच्या नावाचं, जलचिन्ह दिसलं. फक्त चौकटीच्या आतला भाग बाहेरच्या समासापेक्षा पिवळट आहे, आणि मागे वरच्या कडेला तपकिरी चिकटपट्टीचे दोन डाग.

४५० वाल्याला कागदाचं माप आणि मागच्या बाजूचा फोटो मागितला. दोन वेळा विचारल्यावर आला. मधोमध घडीची खूण, आणि एका कडेला शिवणीची भोकं.

मेघना_एडिसन

लागला ना शोध! शिवणीची भोकं म्हणजे अंकातून काढलेलं पान. दुकानात ७० ला मिळतं तसलंच. खाली पेन्सिलीची सही कोणी, कधी केली ते करणाऱ्यालाच ठाऊक. ‘प्रमाणपत्र’ म्हणजे बहुधा विक्रेत्यानेच घरी छापलेला कागद. इटलीत १९७१ च्या १०६२ क्रमांकाच्या कायद्यापासून व्यावसायिक विक्रेत्याने अस्सलपणाचा दाखला देणं बंधनकारक आहे, पण दाखल्यावर कोण सही करतोय आणि त्याची जबाबदारी कोणावर, हे वाचल्याशिवाय त्या कागदाला किंमत नाही.

मिलानवाल्याचा पिवळटपणा म्हणजे उन्हात टांगल्याचं चिन्ह. तो पुरता जात नाही. भाव करताना धरायचा. आणि लिलावात हातोड्याच्या किमतीवर लिलावघराचं कमिशन बसतं, पंचवीस टक्के किंवा वर. तुझी मर्यादा ठरवताना ते आतच मोज, नंतर डोळे पांढरे होतात.

शाईवाला

खरवडण्याबद्दल छान टिपलंत. बऱ्याच चित्रकारांचे लिथो म्हणजे कागदावरचं चित्र दगडावर नेलेलं. मारिनी दगडाशी दगडासारखाच वागतो. म्हणून मला त्याचे पन्नाशीच्या दशकातले, दोन-तीन रंगांचे लिथो आवडतात. सत्तरीतले मोठे रंगीत संच, ‘साक्र द्यू प्रँतां’ (स्त्राविन्स्कीच्या त्याच नावाच्या बॅलेवरचा) वगैरे, दिवाणखान्याला शोभतात खरे, पण घोडा तिथे सरावाने येतो.

मेघना_एडिसन

असहमत! ‘साक्र’मधले रंग प्रत्यक्ष बघा आणि मग बोला. मारिनी स्त्राविन्स्कीला ओळखत होता, १९५० च्या सुमाराला त्याचं डोकं ब्राँझमध्ये केलंय. त्या संचाला सराव म्हणणं अन्याय आहे.

गोरेगावकर

भांडा, भांडा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अनुजा_तोरिनो

लिलावाचा निकाल: ३८/५० माझ्या मर्यादेच्या बराच वर गेला. सोडून दिला. दुकानातलं ७० युरोचं पान मात्र ६० ला घेतलं. भिंगाखाली बघितलं, जाळी नाही, घडी आहे, सही नाही आणि कोणी नंतर केलेलीही नाही. सहीचा शोध चालू ठेवणार आहे, पुढच्या वेळी पन्नाशीच्या दशकातला बघेन (शाईवाले, खूश?).

पुढचा प्रश्न. हे पान मला रत्नागिरीला बाबांना पाठवायचंय. फ्रेम तिथेच करू का? आणि पुढेमागे सहीचा घेतला आणि भारतात नेला तर जकातीचं काय?

मेघना_एडिसन

जकातीचं आधी. जकातीच्या वर्गवारीत मूळ लिथोला वेगळं शीर्षक आहे, ९७०२. त्याची व्याख्या आपल्या शाईवाल्यांच्या व्याख्येच्या जवळ जाते: कलावंताने संपूर्णपणे हाताने केलेल्या दगड-पत्र्यांवरून थेट काढलेले छाप, यांत्रिक किंवा छायायांत्रिक पद्धतीने काढलेले नव्हेत. म्हणून बिलावर नुसतं ‘प्रिंट’ किंवा ‘पोस्टर’ लिहू देऊ नकोस. कलावंत, वर्ष, ‘मूळ लिथो’, प्रतीचा क्रमांक, सगळं लिहून घे.

इटलीतून बाहेर काढताना त्यांचं निर्यात कार्यालय असतं. सत्तर वर्षांपेक्षा जुनं झालं की नियम बदलतात, आणि पन्नाशीच्या सुरुवातीचे लिथो आता ती रेघ ओलांडायला लागलेत. १३,५०० युरोंच्या आतल्या वस्तूला स्वतःचं घोषणापत्र चालतं, पण ते भरावं लागतंच. विक्रेत्याला सांग, हे त्यांचं रोजचं काम आहे.

शाईवाला

रत्नागिरीत फ्रेम? दमट हवेत जरा जपून. फ्रेमवाल्याच्या हातात पान देऊन निघून येऊ नका, समोर बसा. मागे हार्डबोर्ड किंवा प्लायवूड थेट लावू देऊ नका, त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होतं. आम्लमुक्त बोर्ड इटलीतूनच मापाने कापून पाठवा, पुढचाही आणि मागचाही. चिकटपट्टी, फेविकॉल अजिबात नको. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने, बाकी पान मोकळं लोंबू द्या. कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो, त्याला जागा लागते. काच पानाला टेकता कामा नये, नाहीतर ओल धरून शाई काचेला चिकटते. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीपासून सुटं राहील. बाहेरच्या भिंतीवर तर नकोच, पावसाळ्यात ती आतून ओलीच असते. आणि गणपतीनंतर एकदा उतरवून मागे बुरशी, कसर बघायची.

वाकडे_मास्तर

शाईवाले, याच मापाने आमच्याकडच्या लक्ष्मीचं काय करावं? आजीच्या माहेरचं चित्र आहे, खाली ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असं छापलंय. साडीवर जरीची पट्टी आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. काचेवर आतून धुकं आलंय. मुलगा म्हणतो, ओल्या फडक्याने पुसून घेऊ.

शाईवाला

मास्तर, मुलाला आवरा, पाणी लावू नका! तीही दगडावरचीच बहीण आहे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे त्यांच्या जर्मन तंत्रज्ञाकडे, श्लायशरकडे. दर रंगाला वेगळा दगड, चेहऱ्यावरच्या सावल्या हाताने दिलेल्या ठिपक्यांच्या. भिंग लावा, ठिपके दिसतील, पण टिंबटिंबची फुलं दिसायला नकोत. फुलं दिसली तर नंतरची ऑफसेट प्रत.

जरी-टिकल्या काढायच्या नाहीत. त्या काळी घरच्या बायकाच चित्राला अशी नटवायच्या, आता तोच त्या प्रतीचा इतिहास आहे. फक्त काच उघडण्याआधी टिकल्या काचेला चिकटल्यात का ते बाजूने बॅटरी मारून बघा.

यावर वेगळा धागा काढा, खालच्या छापील ओळीचा आणि मागच्या बाजूचा फोटो टाका. इथे अनुजाताईंचे घोडे राहू देत.

टिंबटिंब

फोटो सरळ उजेडात नको. तिरका.